कालव्यावरचा विकिपीडिया लेख तपासायचा कसा? पैठणच्या डाव्या कालव्याचे उदाहरण घेऊन

कालव्यावरचा विकिपीडिया लेख विश्वासाचा आहे का, हे ठरवताना बहुतेक जण एकाच पद्धतीने जातात. लेख वरून खाली वाचतात, किती लांब आहे ते बघतात, तळाशी संदर्भ किती आहेत ते मोजतात, शुद्धलेखन खटकले तर नाक मुरडतात आणि मत देऊन मोकळे होतात. या पद्धतीत लेखातला एकही आकडा तपासला जात नाही. मग तेच आकडे महाविद्यालयाच्या प्रकल्पात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, पाणीवापर संस्थेच्या निवेदनात आणि बातम्यांत जसेच्या तसे उतरतात. मराठवाड्यात पाण्याच्या आकड्यावर लोकांचा हंगाम ठरतो, म्हणून ही ढिलाई परवडणारी नाही.

खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा लावला आहे. भाषा आणि मांडणी शेवटी येते, कारण गुळगुळीत भाषा वाचून झाली की चुकीचा आकडाही बरोबर वाटू लागतो. उदाहरणासाठी गोदावरीवरच्या जायकवाडी धरण प्रकल्पाचा पैठण डावा कालवा घेतला आहे. नमुन्याची वाक्ये मी समजावण्यासाठी रचली आहेत, कुठल्या लेखातून उचललेली नाहीत.

१. लेख उघडण्याआधीची तयारी

ही पायरी सगळेच गाळतात आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच येतात. एक कोरा कागद घ्या आणि या कालव्याबद्दल वाचकाला काय कळायला हवे ते लिहून काढा. पाणी कुठून येते, कालवा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, लांबी किती, मुखाशी वहनक्षमता किती, लाभक्षेत्र कुठले, बांधकाम कधी सुरू झाले आणि पाणी पहिल्यांदा कधी सुटले, चालवतो कोण, आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या) कशी ठरतात, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची अडचण काय, कालव्यावर वाद कोणते. लेख आधी वाचलात तर लेखात जे आहे तेवढेच महत्त्वाचे वाटते आणि जे नाही ते सुचतच नाही. कागद आधी भरलेला असेल तर गाळलेल्या गोष्टी आपोआप डोळ्यांत भरतात.

मग तीन गोष्टी हाताशी ठेवा: उपग्रह नकाशा, प्रकल्पाची सरकारी आकडेवारी आणि जिल्ह्यांच्या निर्मितीच्या तारखा. तिसऱ्या गोष्टीचे कारण पुढे येईल.

शेवटी लेखाची आवृत्ती पक्की करा. विकिपीडियाचा लेख तुम्ही तपासत असतानाही बदलू शकतो. वरच्या बाजूला ‘इतिहास पहा’ वर जा, सर्वांत अलीकडच्या बदलाच्या तारखेवर टिचकी मारा आणि जी आवृत्ती उघडेल तिचा पत्ता वहीत उतरवून घ्या. पुढचे सगळे काम त्याच आवृत्तीवर करा.

खबरदारी: तपासणी पूर्ण होईपर्यंत लेखात एकही दुरुस्ती करू नका. अर्धवट तपासलेल्या लेखात हात घातला की आपण तपासनीस राहत नाही, लेखाचे एक लेखक होतो, आणि आपल्या वाक्यांना सूट द्यायला लागतो.

२. हा नेमका कोणता कालवा?

गोदावरीवर कालवे अनेक आहेत आणि नावे एकमेकांत मिसळतात. ‘गोदावरी डावा कालवा’ म्हटले की नाशिक आणि अहिल्यानगर भागातला माणूस नांदूर मधमेश्वरहून निघणारा इंग्रजकालीन कालवा समजतो. परभणीचा माणूस पैठणचा समजण्याची शक्यता जास्त. त्यात नांदूर मधमेश्वर जलद कालवा तिसराच, जो वैजापूर, गंगापूरकडे पाणी आणतो. ‘पैठण डावा कालवा’ आणि ‘जायकवाडी डावा कालवा’ मात्र एकच. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात उगम, नदी आणि प्रकल्प ही तिन्ही नावे स्पष्ट नसतील तर पुढच्या संदर्भांतला एखादा दुसऱ्याच कालव्याचा निघण्याची शक्यता धरून चाला.

डावा आणि उजवा यांची गल्लत तर नेहमीची. नदी ज्या दिशेला वाहते तिकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा तीर. पैठणपासून गोदावरी साधारण पूर्वेकडे जाते, म्हणून डावा तीर उत्तरेला आणि उजवा दक्षिणेला. एवढे पक्के केले की गावांची यादी पाच मिनिटांत तपासून होते. अंबड, घनसावंगी, पाथरी, मानवत हे तालुके नदीच्या उत्तरेला आहेत, ते डाव्या कालव्याच्या लेखात शोभतात. गेवराई, माजलगाव दक्षिणेला. ती नावे डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात दिसली तर काहीतरी चुकले आहे.

परभणीत जास्त सावध राहायला हवे. हा जिल्हा गोदावरीच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. गंगाखेड आणि सोनपेठ दक्षिणेला येतात. ‘परभणी जिल्हा’ लाभक्षेत्रात आहे एवढ्या आधारावर कुणीतरी जिल्ह्यातले सगळे तालुके यादीत टाकतो आणि चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

नकाशावरचा बिंदूही बघा. जायकवाडी नावाचे गाव बीड जिल्ह्यात आहे, धरण मात्र पैठणला, साधारण १९.४८ अंश उत्तर आणि ७५.३७ अंश पूर्व या ठिकाणी. लेखातला बिंदू भलतीकडे पडत असेल तर तो आपोआप भरला गेला असण्याची शक्यता असते. शिवाय कालवा ही लांबट गोष्ट. एकच बिंदू दिला असेल तर तो मुखाचा आहे की मधला, हे लेखात सांगितलेले हवे. चांगल्या लेखात मुख आणि टेल, दोन्हींचे बिंदू असतात.

तपासा: कालव्याचे मुख, दिशा आणि टेल तुम्ही स्वतः उपग्रह नकाशावर बोट ठेवून दाखवू शकता का? नसेल तर पुढे जाऊ नका.

३. वाक्ये फोडा

आता लेख वाचायचा, पण वाचता वाचता प्रत्येक वाक्यातले दावे सुटे करायचे. समजा लेखात हे वाक्य आहे:

‘पैठण डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून १९७६ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा औरंगाबाद, जालना व परभणी जिल्ह्यांतील १,४१,६४० हेक्टर जमीन भिजवतो.’

वाक्य साधे दिसते, शेवटी संदर्भाचा एक आकडाही आहे. यात पाच दावे आहेत. लांबी. पूर्ण होण्याचे वर्ष. जिल्हे. क्षेत्र. आणि पाचवा, जो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो, तो म्हणजे ‘भिजवतो’ हे क्रियापद.

लांबीचा आकडा प्रकल्पाच्या आकडेवारीशी जुळतो. क्षेत्राचा आकडाही जुळतो, पण तो प्रकल्पात धरलेल्या सिंचन क्षेत्राचा आहे. दरवर्षी तेवढी जमीन प्रत्यक्ष भिजते असे त्यातून निघत नाही. १९७६ हे वर्ष धरणाच्या उद्घाटनाचे: १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाची तारीख कालव्याला चिकटवणे ही कालव्यांवरच्या लेखांतली फार पसरलेली चूक आहे. कालव्याचे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकते, मुखाकडे पाणी खेळायला लागल्यावरही टेलकडची कामे चालू असतात. कालवा पूर्ण झाल्याचे वर्ष सांगायचे तर त्याला कालव्याचाच वेगळा संदर्भ लागतो.

म्हणजे एका वाक्यात दोन दावे बरोबर, एक चुकीच्या जागी चिकटवलेला, एक क्रियापद दिशाभूल करणारे, आणि जिल्ह्यांची नावे कोणत्या काळची ते अजून बघायचे बाकी. संदर्भ मोजून मत देणाऱ्याला हे वाक्य शंभर टक्के बरोबर वाटले असते.

सगळा लेख असा फोडायला वेळ लागतो. लेख मोठा असेल तर प्रस्तावना, माहितीचौकट (बाजूच्या चौकटीतला ठळक माहितीचा तक्ता) आणि लाभक्षेत्राचा विभाग पूर्ण फोडा, बाकीच्यातले आकडे व तारखा असलेलेच दावे घ्या. वहीत तीन रकाने आखा: दावा, लेखाने दिलेला संदर्भ, तुमचा निकाल. तिसरा रकाना अजून रिकामाच ठेवा.

४. आकड्यांचा ताळा

संदर्भ उघडण्याआधी आकडे आपापसात जुळतात का ते बघा. यासाठी फक्त कॅल्क्युलेटर लागतो, आणि ढोबळ चुका इथेच सापडतात.

एकके. मराठवाड्यातल्या बातम्यांत पाणीसाठा कधी टीएमसीत येतो, कधी दलघमीत. १ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, एकूण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे १०२.७ टीएमसी, आणि त्यातला जिवंत, म्हणजे वापरता येणारा, साठा २,१७१ दलघमी, म्हणजे ७६.६५ टीएमसी. उरलेला ७३८ दलघमी मृतसाठा. ‘सिंचनासाठी १०२ टीएमसी पाणी उपलब्ध’ असे वाक्य दिसले की लेखकाने एकूण साठा उचलला आहे हे लगेच ओळखता आले पाहिजे. एक आकडा टीएमसीत, दुसरा दलघमीत आणि एकक मात्र दोन्हीकडे एकच छापलेले, अशी माहितीचौकटही आढळते.

साठा आणि वेग. टीएमसी हे पाण्याचे माप, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वाहण्याचा वेग. दोन्ही एकाच वाक्यात आले की गुणाकार करून बघा. १,००० क्युसेकने १२ दिवस पाणी सोडले तर साधारण १.०४ टीएमसी होते. ‘या आवर्तनात १,००० क्युसेकने दहा टीएमसी पाणी सोडले’ असे लिहिले असेल तर त्याला जवळपास ११६ दिवस लागतील. इतके लांब आवर्तन नसते. वहनक्षमता दिली असेल तर ती मुखाशी की कुठल्या किलोमीटरला, हेही हवे. कालवा वितरिकांना (त्यातून फुटणाऱ्या लहान कालव्यांना) पाणी देत पुढे जातो तसा अरुंद होत जातो, सगळीकडे एकच क्षमता नसते.

लांबी. मुख्य कालव्याची लांबी वेगळी, शाखा आणि वितरिका धरून झालेली एकूण लांबी वेगळी. दोन संदर्भांत लांबी वेगळी आली म्हणून लगेच एकाला खोटे ठरवू नका, आधी कोणी काय मोजले ते बघा. राजस्थानच्या इंदिरा गांधी कालव्याची लांबी कुठे ६४९ किलोमीटर दिसते तर कुठे ४४५. दोन्ही बरोबर आहेत. २०४ किलोमीटरचा पोषक कालवा पहिल्या आकड्यात धरला आहे, दुसऱ्यात नाही. लेखाने हा फरक सांगितला असेल तर लेखकाला विषय कळलेला आहे.

क्षेत्र. यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. लाभक्षेत्राचे शब्द चार आहेत आणि लेखांत ते सरमिसळ येतात. एकूण लाभक्षेत्र, ज्यात गावे, रस्ते, पडीक जमीनही येते. लागवडीलायक क्षेत्र. निर्मित सिंचन क्षमता, म्हणजे कालवे, चाऱ्या (शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे पाट) झाल्यामुळे कागदावर जेवढे भिजू शकते ते. आणि प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र, जे त्या वर्षी खरोखर भिजले. निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचन यांतली तफावत हा महाराष्ट्राच्या सिंचनावरच्या चर्चेचा गाभा आहे. ज्या लेखाला हे चार शब्द वेगळे ठेवता येत नाहीत त्याचा क्षेत्राचा एकही आकडा विश्वासाने उचलू नये, मग बाकी लेख कितीही चांगला असो. टेलला जमीन असलेला माणूस जेव्हा ‘हा कालवा अमुक लाख हेक्टर भिजवतो’ असे वाचतो आणि त्याच्या चारीला पाणी आलेले नसते, तेव्हा त्याच्या दृष्टीने ज्ञानकोश खोटे बोलत असतो.

प्रत्यक्ष सिंचनाचा आकडा असेल तर वर्ष हवेच. २०१५–१६ सारख्या टंचाईच्या वर्षाचा आणि नाथसागर भरलेल्या वर्षाचा आकडा सारखा असूच शकत नाही.

पट्ट्याची रुंदी. हा ताळा मला फार उपयोगाचा वाटतो. कालव्याचे पाणी स्वतःच्या उताराने वाहते, म्हणून उपसा (पंपाने पाणी वर उचलणे) नसेल तर भिजणारी जमीन कालव्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे कालवा आणि नदी यांच्यामध्ये असते. १,४१,६४० हेक्टर म्हणजे सुमारे १,४१६ चौरस किलोमीटर. भागिले २०८ किलोमीटर, तर सरासरी पावणेसात ते सात किलोमीटरांचा पट्टा. लागवडीबाहेरची जमीन धरली की पट्टा आणखी रुंद होईल. उपग्रह नकाशावर कालवा आणि गोदावरी यांच्यातले अंतर बघा, आकडा पटतो. कुणी एक शून्य वाढवून चौदा लाख हेक्टर लिहिले तर पट्टा अडुसष्ट किलोमीटरांचा होतो. चूक सापडायला संदर्भही लागला नाही. याच ताळ्याने आणखी एक गोष्ट निघते: लाभार्थी म्हणून दिलेले गाव कालव्याच्या वरच्या अंगाला असेल तर तिथे उपसा योजना असली पाहिजे, नाहीतर नाव चुकून आले आहे.

बेरीज. डाव्याचे १,४१,६४० आणि उजव्याचे ४१,६८२, मिळून १,८३,३२२ हेक्टर. लेखाच्या वेगवेगळ्या विभागांत दिलेल्या आकड्यांची बेरीज लेखातल्याच एकूण आकड्याशी जुळते का ते बघा. अनेक हातांनी लिहिलेल्या लेखात एकाने वरचा आकडा बदललेला असतो आणि खालचा तसाच राहिलेला असतो.

जिल्हे. १ मे १९८१ पूर्वी जालना जिल्हाच नव्हता, आणि १ मे १९९९ पूर्वी हिंगोली परभणीत होते. त्यामुळे १९७६ च्या संदर्भात ‘औरंगाबाद व परभणी’ आणि आजच्या संदर्भात ‘छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी’ असे दिसले तर विरोधाभास मानू नका, जमीन तीच आहे. उलट १९७६ ची बातमी म्हणून दिलेल्या मजकुरात ‘जालना जिल्हा’ आला तर शंका घ्या. तो मजकूर नंतर कुणीतरी लिहिलेला आहे.

तपासा: आकड्यांच्या ताळ्यात तीनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर संदर्भ उघडायच्या भानगडीत न पडता लेख ‘आकड्यांसाठी अविश्वसनीय’ अशी नोंद करून थांबायला हरकत नाही.

५. संदर्भ उघडा, मोजू नका

प्रत्येक महत्त्वाच्या दाव्याचा संदर्भ उघडायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: नेमके हेच तिथे लिहिले आहे का? त्याच विषयावरचे काहीतरी लिहिलेले असणे पुरत नाही. संदर्भात धरणाबद्दल तीन पाने असतील आणि कालव्याच्या लांबीचा उल्लेख नसेल तर लांबी बिनसंदर्भ समजा.

मग संदर्भाचा दर्जा बघा. बांधकामाच्या तांत्रिक आकड्यांसाठी जलसंपदा विभाग आणि गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ यांची कागदपत्रे चालतात. पण प्रकल्प किती यशस्वी झाला हे प्रकल्प बांधणाऱ्यानेच सांगितले असेल तर ते पुरेसे नाही. तिथे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल, अभ्यासकांचे लेखन किंवा न्यायालयीन निकाल लागतात. वर्तमानपत्रे आवर्तनाच्या तारखा आणि आंदोलने यांसाठी चांगली, तांत्रिक आकड्यांसाठी कच्ची.

जुन्या ग्रंथांत काळ बघा. परभणी जिल्ह्याचा गॅझेटिअर १९६७ सालचा आहे. तेव्हा पायाभरणी झालेली होती, धरण व्हायचे होते. त्यातले जायकवाडीबद्दलचे जे काही असेल ते नियोजनाचे आकडे आहेत. लेखकाने ‘होईल’चे ‘आहे’ केले असेल तर संदर्भ खरा, दावा खोटा.

सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे गोल फिरणारा संदर्भ. कुणीतरी विकिपीडियावर बिनसंदर्भ आकडा टाकतो, दोन वर्षांनी एखादी बातमी तो आकडा तिथूनच उचलते, आणि मग तिसरा माणूस ती बातमी संदर्भ म्हणून लावतो. हे पकडायचे तर ‘इतिहास पहा’ मध्ये तो आकडा लेखात पहिल्यांदा कधी आला ते शोधा आणि बातमीची तारीख पडताळा. बातमी नंतरची असेल आणि तिने स्वतःचा स्रोत दिलेला नसेल तर तो संदर्भ बाद धरा. इंग्रजी आणि मराठी लेखांत एकच आकडा आहे म्हणूनही तो पक्का होत नाही. बहुतेक वेळा एक दुसऱ्यावरूनच आलेला असतो.

मेलेला दुवा म्हणजे खोटा दावा नव्हे. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते वरचेवर बदलतात. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात जुना पत्ता टाकून पाहा, पुष्कळदा पान सापडते. नाही सापडले तर नोंद ‘पडताळता आले नाही’ अशी करा, ‘चुकीचे’ अशी नको.

खबरदारी: ‘मी त्याच भागातला आहे, मला माहीत आहे’ हा विकिपीडियावर संदर्भ होत नाही. स्वतः पाहिलेले, पण कुठे प्रसिद्ध न झालेले लिहू नये, हा तिथला मूळ नियम आहे. टेलला दोन वर्षे पाणी नाही हे तुम्हाला पाटकऱ्यापेक्षा (कालव्याचे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा) जास्त ठाऊक असेल, तरी लेखाचा निकाल त्या माहितीवर देऊ नका. ती माहिती वाया जात नाही. कुठला संदर्भ शोधायचा हे तिच्यामुळेच कळते. कोरड्या वितरिकेचा तुम्ही काढलेला फोटो, तारखेसह, विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात) टाकता येतो.

६. जे नाही ते, आणि जे जास्त आहे ते

पहिल्या पायरीचा कागद आता काढा. कालव्यावरच्या लेखांत बांधकाम भरपूर असते आणि वापर जवळपास नसतो. उगम, लांबी, उद्घाटन कुणी केले, झाले. पाणी वाटपाचा विभाग आहे का? सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन या २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मिळालेले स्थान आहे का? अस्तरीकरण, गळती, पाणथळ झालेल्या जमिनी, उसाखालचे क्षेत्र, संपादनात गेलेल्या जमिनी यांपैकी काही आहे का? यातले अर्धे नसले तर लेख अपुरा आहे, मग तो पाच हजार शब्दांचा का असेना.

वादाचा भाग वेगळ्या नजरेने वाचा. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात न्यायालयापर्यंत गेला. त्याचा कायदेशीर आधार २००५ च्याच दुसऱ्या, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीत आहे. लेखात ‘आमचे पाणी पळवले’ किंवा ‘आमचे पाणी हिसकावले’ असा सूर कुठल्याही बाजूने आला तर तो विभाग तटस्थ नाही. आपली बाजू मांडणारे वाक्य आपल्याला खटकत नाही, म्हणून हा विभाग वाचताना वरच्या खोऱ्यातला वाचक ते कसे वाचेल याचा विचार करा. कोण काय म्हणते ते नावानिशी आणि संदर्भासह दिलेले हवे. आणि हा सगळा वाद मुळात धरणाचा आहे, तो कालव्याच्या लेखाचा अर्धा भाग व्यापत असेल तर लेखाचा तोल गेला आहे.

‘आशियातील सर्वांत मोठा’, ‘देशातील एकमेव’ अशी वाक्ये सरळ लाल शाईने अधोरेखित करा. कुणी मोजले, कशात मोठा, कोणत्या वर्षी, ही तीन उत्तरे संदर्भात नसतील तर वाक्य काढायच्या लायकीचे.

७. इतिहास आणि चर्चा पान

इथे फार वेळ घालवू नका. संपादकांची संख्या बघून खूश होऊ नका, त्यांत शुद्धलेखन आणि दुवे दुरुस्त करणारे सांगकामे (आपोआप चालणारे बॉट) बरेच असतात. बघायचे ते हे: एकाच दिवसात मोठा मजकूर एकदम आला का? आला असेल तर त्यातले एखादे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा, दुसरीकडून जसेच्या तसे उचललेले निघू शकते. तेच वाक्य दोघे आलटून पालटून बदलत आहेत का? तसे असेल तर लेख स्थिर नाही, आणि तुम्ही पक्की केलेली आवृत्ती त्यातल्या एका बाजूची असू शकते. लेखाबद्दल संपादक जिथे बोलतात ते चर्चा पान रिकामे असणे हा ना गुण ना दोष.

८. चित्रे, नकाशा, भाषा

कालव्याच्या लेखाला नकाशा हवाच, मुख ते टेल दाखवणारा. फोटो कुठल्या किलोमीटरचा किंवा कुठल्या गावाजवळचा ते लिहिलेले असावे. धरणाच्या २७ दरवाजांतून सुटणाऱ्या पाण्याचा फोटो देखणा असतो, पण तो नदीतला विसर्ग आहे. ते पाणी कालव्यात जात नाही. भाषेत एवढेच बघा की क्युसेक, आवर्तन, वितरिका, जलसेतू असे शब्द पहिल्यांदा येतात तिथे समजावले आहेत का, आणि प्रस्तावनेतले सगळे पुढे लेखात सविस्तर येते का.

९. निकाल लिहिणे

इंग्रजी विकिपीडियावर लेखांना स्टब, स्टार्ट, सी, बी, गुड, ए, फीचर्ड अशा श्रेण्या असतात. बी पर्यंतची श्रेणी कोणीही संपादक लावू शकतो, गुडसाठी एका तटस्थ परीक्षकाची तपासणी लागते, फीचर्डसाठी अनेकांची चर्चा. म्हणून श्रेणीची पाटी बघितली तर ती कोणत्या तारखेला लागली तेही बघा. तेव्हाचा लेख आणि आजचा लेख एकच असेल असे नाही. मराठीत तपासणारे हात थोडे, त्यामुळे पाटीची वाट न बघता आपला निकाल आपण लिहावा.

एकच गुण देऊ नका. लेखाचा इतिहासाचा भाग उत्तम आणि लाभक्षेत्राचा भाग टाकाऊ असू शकतो, आणि वाचकाला नेमके तेच कळायला हवे असते. आधी विश्वासार्हता, मग व्याप्ती, मग तटस्थपणा, भाषा शेवटी. चर्चा पानावर नोंद अशी दिसावी:

‘अमुक तारखेची आवृत्ती तपासली. लांबीचा दावा संदर्भात आहे. पूर्ण झाल्याचे वर्ष १९७६ दिले आहे, संदर्भ मात्र धरणाच्या उद्घाटनाचा आहे. कालव्यासाठी वेगळा संदर्भ हवा. १,४१,६४० हेक्टर हे प्रकल्पात धरलेले सिंचन क्षेत्र आहे, “भिजवतो” ऐवजी तसे स्पष्ट लिहावे. गंगाखेड नदीच्या दक्षिणेला आहे, यादीतून काढावे किंवा संदर्भ द्यावा. पाणीवापर संस्था आणि प्रत्यक्ष सिंचन यांवर विभाग नाही. सातवा संदर्भ उघडत नाही, जुनी प्रतही सापडली नाही.’

‘लेख खूप खराब आहे, कोणीतरी सुधारा’ अशी नोंद कुणाच्याच कामाची नसते.

नोंद टाकल्यावर आठ-पंधरा दिवस उत्तराची वाट पाहा. कुणी हरकत घेतली तर संदर्भावर बोला, माणसावर नको. हरकत नसेल तर दुरुस्त्या स्वतः करा, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी बदलाच्या सारांशात चर्चा पानाचा उल्लेख करून. दहा दुरुस्त्या एका झटक्यात जतन केल्या आणि त्यातली एक कुणाला पटली नाही, तर तो दहाही उलटवतो.